नाही आणि दिसत नाही

(नेवासा येथे दिलेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



व्याख्यानाचा विषय काय, असं मला फोनवर विचारलं तेव्हा मी सांगितलं, "सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना न सापडणारं हार्डवेअर." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग कार्यवाह म्हणाले, "पण सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे ना?" मी म्हटलं, "म्हणूनच."

त्याचं कारण सांगतो. एखादी गोष्ट नाही, हे आपल्याला कशावरून कळतं? हा प्रश्न मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवला. मुलं उत्तर पाठ करायची, परीक्षेत लिहायची, विसरायची. मीही खरं म्हणजे पाठच केलेलं होतं. त्याचा अर्थ मला निवृत्तीनंतर कळला, एका धुळीनं भरलेल्या यंत्रापुढे बसून. ती हकिगत आणि तिच्यामागचा साठ-सत्तर वर्षांचा इतिहास, असं दोन्ही आज सांगायचं आहे.

आधी हकिगत. काही वर्षांपूर्वीची. आपल्याच भागातली एक संस्था, नाव घेत नाही. तिथे एक जुना सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे काही वेगळा प्राणी नव्हे. चोवीस तास चालावा, अनेकांनी एकाच वेळी वापरावा, अशा बेतानं बांधलेला संगणक. त्याच्यात एक लहान डिस्क होती, तिच्यावर ऑपरेटिंग सिस्टिम. आणि चार मोठ्या डिस्क होत्या, त्यांच्यावर आमचा ऐवज.

ऐवज कसला? जायकवाडीच्या धरणाचा पाया १९६५ साली घातला गेला, १९७६ साली त्याचं उद्घाटन झालं. नाथसागराचं पाणी पसरलं आणि नेवासा, शेवगाव, पैठण, गंगापूर या तालुक्यांतली कितीतरी गावं पाण्याखाली गेली. इथे बसलेल्यांपैकी काहींची घरं त्यात होती, मला माहीत आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी काही वर्षं सुट्टीत हिंडून त्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज टेप केले होते. गावची वेस कुठे होती, बारव कुठे होती, जत्रेत मान कोणाचा, शेवटच्या दिवशी कोणी काय उचलून नेलं. बायकांनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. पुढे त्या सगळ्या कॅसेटी संगणकावर उतरवल्या आणि कॅसेटींना बुरशी लागली म्हणून टाकून दिल्या. टाकायला मीच परवानगी दिली. म्हणजे एकुलती एक प्रत त्या चार डिस्कवर. बोलणारी बहुतेक माणसं तोवर गेलेली.

एका पावसाळ्यात एकाच दिवशी चार-पाच वेळा वीज गेली-आली, आणि लहान डिस्क बंद पडली. तंत्रज्ञ आला. त्यानं नवी लहान डिस्क बसवली, पेनड्राइव्ह लावला, नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला घेतली. डिस्क निवडा, असं विचारणारा पडदा आला. त्यावर नवी लहान डिस्क होती. मोठ्या चार नव्हत्या. त्यानं केबली काढून घातल्या, पुन्हा चालू केलं. नाही. तेव्हा तो म्हणाला, "सर, चारही गेल्या. विजेनं उडवल्या. नव्या घ्या." थोडं थांबून म्हणाला, "नाहीतर कार्डाच्या मेनूत जाऊन सगळी मांडणी नव्यानं करून बघतो. नशिबात असेल तर दिसतील."

त्या मुलाला मी दोष देत नाही. पडद्यावर जे होतं तेच तो वाचत होता. पण मला एक खटकलं. चारही डिस्कच्या तोंडाशी बारके हिरवे दिवे लुकलुकत होते. मेलेल्याची नाडी चालत नाही, एवढं मलाही कळतं. मी त्याला म्हटलं, "आज हात लावू नको. उद्या बघू." आयुष्यात काही शहाणपणाची वाक्यं माणूस न समजता बोलून जातो, त्यांतलं हे एक.

आता ती रात्र तशीच ठेवू आणि इतिहासाकडे वळू.

आपल्याकडच्या दर्शनांत या प्रश्नावर मोठा वाद झाला आहे. जमिनीवर घडा नाही, हे कसं कळतं? नैयायिक म्हणतात, प्रत्यक्षानंच कळतं. कुमारिल भट्टांचे अनुयायी मीमांसक आणि पुढे अद्वैत वेदान्ती म्हणतात, नाही. त्याला स्वतंत्र प्रमाण मानलं पाहिजे. त्याचं नाव अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं. पण ते लगेच एक अट घालतात, आणि सगळी खोच त्या अटीत आहे. नुसतं न आढळणं पुरत नाही. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. दिवा लावा, डोळे उघडे ठेवा, मध्ये आडोसा नको, आणि मग दिसला नाही तर नाही म्हणा. याला ते योग्यानुपलब्धी म्हणतात. हा शब्द तेवढा आजच्यापुरता लक्षात ठेवा.

संगणकाच्या इतिहासात हीच अट कशी कशी येत गेली ते बघू.

सुरुवातीला प्रश्नच नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात डॉ. आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या देशातला एक आरंभीचा संगणक बांधला. आधी छोटं नमुना यंत्र, मग १९६० साली पूर्ण यंत्र. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक असं नाव दिलं. २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, आणि स्मृती २,०४८ शब्दांची. आज तुमच्या खिशातल्या मोबाइलपुढे हे काहीच नाही. पण एका बाबतीत ते यंत्र भाग्यवान होतं. ज्यांनी बांधलं तेच ते वापरत होते. कोणता भाग कुठे आहे हे त्यांना स्वतःच्या घरातल्या फडताळासारखं ठाऊक होतं. यंत्राला आपल्यात काय काय आहे हे विचारायची कधी वेळच आली नाही.

ती वेळ आली यंत्रं विकायला लागल्यावर. आयबीएमनं ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० हे संगणकांचं कुटुंब जाहीर केलं. एकच घराणं, लहान-मोठी अनेक यंत्रं, आणि त्यांना जोडायला टेप, डिस्क, छपाईयंत्रं असे नाना प्रकार. गिऱ्हाइकागणिक जोडणी वेगळी. मग ऑपरेटिंग सिस्टिमला कळणार कसं? उत्तर साधं होतं: माणसानं सांगायचं. कोणत्या पत्त्यावर कोणतं उपकरण, याची यादी पंच कार्डांवर उतरवून द्यायची आणि त्या यादीप्रमाणे आपल्यापुरती ऑपरेटिंग सिस्टिम तयार करून घ्यायची. याला सिस्टिम जनरेशन म्हणत. यादीत लिहिलं ते आहे, लिहिलं नाही ते नाही. आपल्या तलाठ्याच्या दप्तरासारखं. शेत डोळ्यांपुढे आहे, पण उताऱ्यावर नोंद नसेल तर सरकारदरबारी ते तुमचं नाही!

दुसरी पायरी म्हणजे यंत्रानं स्वतः विचारणं. अमेरिकेत बर्कली विद्यापीठात युनिक्सची जी शाखा वाढत होती, तिच्या जून १९८१ च्या आवृत्तीत मेलबर्नच्या रॉबर्ट एल्झ यांनी लिहिलेला एक भाग घातला गेला. यंत्र सुरू होताना तो भाग संभाव्य पत्त्यांवर एकेक करून जातो आणि दार वाजवतो. आतून ओ आली तर उपकरण आहे. ठरावीक वेळात ओ आली नाही तर नाही, पुढचं दार. यादी पूर्णपणे गेली नाही. कुठली दारं वाजवायची हे ठरलेलंच होतं. पण असण्या-नसण्याचा निवाडा कागदावरून उठून प्रत्यक्ष चौकशीवर आला. ज्ञानाच्या दृष्टीनं ही फार मोठी उडी आहे.

इथे पुण्याचीही आठवण काढली पाहिजे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार झाला. त्यात इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते. प्रत्येकाला चार हात, आणि ते हात शेजाऱ्यांच्या हातांत गुंफलेले. अशा जाळ्यात कोण कोण आहे हे शोधायची त्या काळी जगभर रूढ असलेली एक गमतीदार रीत होती. एक छोटा प्रोग्राम पहिल्या ट्रान्सप्युटरमध्ये सोडायचा. तो चारही हातांनी शेजाऱ्याला चाचपतो, शेजारी जागा असेल तर स्वतःची प्रत त्याच्यात पाठवतो, ती प्रत पुढच्याला चाचपते, आणि शेवटी सगळ्या जाळ्याचा नकाशा पहिल्याकडे परत येतो. अशा प्रोग्रामला अळी म्हणत. अंधारात एकमेकांचा हात धरून शाळेतली मुलं मोजावीत, तसं.

पण दार वाजवण्यात एक धोका असतो, तो घरगुती संगणकांनी शिकवला. आयबीएम पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये आला. त्यात जी जोडकार्डं घालायची, त्यांच्यावर जंपर नावाच्या बारक्या टोप्या असत. त्या हलवून कार्डाचा पत्ता आणि आयआरक्यू क्रमांक ठरवायचा. आयआरक्यू म्हणजे यंत्राचं लक्ष वेधायची घंटा. अशा घंटा पुढच्या यंत्रांतही एकूण १६, आणि त्यांतल्या बऱ्याच आधीच वाटलेल्या. दोन कार्डांना चुकून एकच क्रमांक दिला की दोघांचा घोटाळा. कार्ड धडधाकट, जागेवर बसलेलं, आणि तरी चालत नाही. ज्यांनी १९९० च्या दशकात संगणक दुरुस्तीची दुकानं चालवली, त्यांच्या बोटांच्या टोकांना अजून ते जंपर आठवत असतील.

आणि त्याहून वाईट म्हणजे त्या जुन्या कार्डांना नुसतं विचारणंही धोक्याचं होतं. एखाद्या पत्त्यावर नेटवर्क कार्ड आहे का, म्हणून काही अंक पाठवायचे, आणि तिथे असायचं भलतंच कार्ड. ते त्या अंकांचा वेगळाच अर्थ लावायचं आणि सगळं यंत्र जागच्या जागी गोठायचं. म्हणून लिनक्समध्ये एक सोय ठेवावी लागली होती: अमुक पत्त्यांना हात लावू नको, असं सुरुवातीलाच बजावायची. म्हणजे बघा, काही वेळा शोध घेण्याची कृतीच ज्याचा शोध घ्यायचा त्याला बिघडवते. माझ्या त्या तंत्रज्ञाचं दुसरं वाक्य आठवा. "मांडणी नव्यानं करून बघतो." त्याकडे येतोच.

तिसरी पायरी मला सगळ्यांत सुंदर वाटते. १९९२ साली इंटेलनं पीसीआय नावाची जोडणीची पद्धत आणली. नियम असा, की प्रत्येक कार्डानं आपल्या अंगावर एक छोटी ओळखपत्रिका बाळगायची. तिच्यात पहिला क्रमांक बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या उपकरणाचा. इंटेलनं स्वतःच्या कंपनीचा क्रमांक कोणता घेतला माहीत आहे? ८०८६. त्यांच्या १९७८ सालच्या प्रोसेसरचं नाव. थोडी हौस सगळ्यांनाच असते!

पण सुंदर म्हणतो ते वेगळंच आहे. यंत्र रिकाम्या जागी जाऊन ओळखपत्रिका वाचू लागलं तर काय मिळतं? तिथे कोणीच नसल्यामुळे सगळे बिट एक असे येतात. सोळा अंकी पद्धतीत लिहिलं तर एफएफएफएफ. म्हणून ठरलं, की हा क्रमांक कोणत्याही कंपनीला द्यायचा नाही. तो राखून ठेवला न-असण्यासाठी. नसण्याला स्वतःची खूण मिळाली. आता एफएफएफएफ आलं तर निःशंकपणे म्हणता येतं, की इथे कोणी नाही. कारण कोणी असतं तर त्यानं आपला क्रमांक सांगितलाच असता. मीमांसकांची अट अक्षरशः पुरी झाली. कुमारिल भट्टांना हे दाखवता आलं असतं तर, असं मला फार वाटतं.

मग विंडोज ९५ आलं, ऑगस्ट १९९५ मध्ये. लावा आणि वापरा, अशी द्वाही फिरली. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स स्वतः मंचावर असताना त्यांच्या सहकाऱ्यानं विंडोज ९८ चालणाऱ्या यंत्राला स्कॅनर लावून दाखवला, आणि सगळ्यांसमोर पडदा निळा झाला. लोक हसले. तेही हसले. सापडणं आणि चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जगानं त्या दिवशी पाहिलं.

हाच फरक सर्व्हरच्या बाबतीत कळीचा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. ओळखपत्रिका वाचून यंत्राला एवढंच कळतं, की कोणीतरी आहे आणि त्याचा क्रमांक हा. त्याच्याशी बोलायचं कसं, हे कळायला ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. पाहुणा दारात उभा आहे, नाव सांगतो आहे, पण त्याची भाषा घरात कोणालाच येत नाही, अशी अवस्था.

आता सर्व्हरमधल्या डिस्क. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एक निबंध मांडला: एक महागडी डिस्क घेण्यापेक्षा अनेक स्वस्त डिस्कची जुडी बांधा, माहिती अशी वाटून ठेवा की एखादी मेली तरी काम अडू नये. या जुडीला रेड म्हणतात. सर्व्हरमध्ये ही जुडी सांभाळायला एक वेगळं कार्ड असतं, रेड कंट्रोलर. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमला डिस्क थेट दिसत नाहीत. दिसतं ते कार्ड, आणि कार्ड दाखवील ती एक जुडी. कार्डाचा दुभाषा नसेल तर कार्डाच्या पाठीमागचं सगळं गाव अंधारात. म्हणून घरातल्या संगणकावर सुखानं चालणारी तीच सीडी सर्व्हरवर लावली की डिस्कच नाही म्हणते.

विंडोज २०००, एक्सपी आणि सर्व्हर २००३ च्या काळात यावर एक विधी होता. बसवायला सुरुवात केली, की पहिल्या काही सेकंदांत खाली एक ओळ यायची: बाहेरचा ड्रायव्हर द्यायचा असेल तर एफ-६ दाबा. ती ओळ चुकली, तर पुन्हा पहिल्यापासून. आणि ड्रायव्हर द्यायचा तो फ्लॉपीवरूनच. तोवर सर्व्हरमधून फ्लॉपीची जागाच नाहीशी व्हायला लागली होती! त्या एका फ्लॉपीसाठी ड्राइव्ह उसना आणायला लोक गावभर हिंडत. पुढच्या पिढीत, म्हणजे व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ मध्ये, पेनड्राइव्ह चालू लागला.

लिनक्सची गोष्ट वेगळी. हेलसिंकीच्या लायनस टॉर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानं २५ ऑगस्ट १९९१ ला आपल्या कामाची पहिली वर्दी दिली. तिच्यात त्यानं प्रांजळपणे कळवलं होतं, की एटी प्रकारच्या हार्डडिस्कखेरीज दुसऱ्या कशावर हे बहुधा कधीच चालणार नाही, कारण माझ्याजवळ तेवढीच आहे. आज जगातल्या असंख्य सर्व्हरांत ते चालतं. हे कसं झालं? ज्याच्याजवळ जे यंत्र होतं, त्यानं त्याचा दुभाषा लिहून सामायिक पेटीत टाकला. हजारो हातांनी यादी वाढवली.

तरी एक काटा राहिला. काही कार्डांना ड्रायव्हर असून भागत नाही. सुरू होताना त्यांच्या पोटात कंपनीची एक तयार फाइल घालावी लागते, तिला फर्मवेअर म्हणतात. ती उघडून बघायची, बदलायची मुभा कंपन्या देत नाहीत. डेबियन या लिनक्सच्या मंडळींचं तत्त्व असं, की जे खुलं नाही ते आमच्या मुख्य पेटीत नाही. फेब्रुवारी २०११ च्या आवृत्तीत त्यांनी अशा फायली काढून वेगळ्या ठेवल्या. तत्त्व योग्यच. पण अनेक सर्व्हरांत ब्रॉडकॉमची नेटवर्क कार्डं होती. ती सापडायची, क्रमांक सांगायची, आणि फर्मवेअरची फाइल मागत बसायची. फाइल इंटरनेटवरून उतरवा. इंटरनेट कशातून? त्याच कार्डातून! अखेर २०२२ साली या मंडळींनी रीतसर मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या आवृत्तीपासून बसवण्याच्या अधिकृत साधनातच फर्मवेअर घातलं. एका तांत्रिक अडचणीवर माणसं मतदान करतात, तत्त्व मोठं की दारातला पाहुणा, यावर वाद घालतात, हे मला लोकशाहीचं फार चांगलं उदाहरण वाटतं.

आता त्या रात्रीकडे परत येऊ.

मी पुण्यातल्या एका माजी विद्यार्थ्याला फोन केला. तर्कशास्त्र माझ्याकडे शिकला होता, पोट संगणकावर भरतो. त्याचं पहिलं वाक्य, "सर, कोणाला काही नव्यानं बनवू देऊ नका. रेडची मांडणी पुन्हा केली आणि ती डिस्कवर लिहिली गेली, तर आत्ता जे दिसत नाही ते खरंच नाहीसं होईल." माझ्या पाठीतून थंडी गेली. शोध घेण्यानंच वस्तू नष्ट व्हायची होती.

मग त्यानं एकेक पायरी विचारली. दिवे? हिरवे. म्हणजे वीज पोचते आहे. यंत्र चालू करताना, ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी, कार्ड स्वतःचं काही लिहितं ते वाचा. मी चष्मा पुसून वाचलं. चार डिस्क हजर, एक जुडी शाबूत. म्हणजे कार्डाला डिस्क दिसत आहेत. पुढे, बसवण्याच्या पडद्यामागे जाऊन पीसीआयची यादी मागवा. एक आज्ञा त्यानं अक्षर अक्षर सांगितली, मी दोन बोटांनी टंकली. यादीत कार्ड होतं, क्रमांकासह. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला कार्ड दिसत होतं! फक्त त्या क्रमांकाला दुभाषा जोडलेला नव्हता.

का नव्हता? आता ऐका. ड्रायव्हर होता. तोच, त्याच नावाचा, त्याच पेनड्राइव्हवर. पण कोणकोणत्या क्रमांकांच्या कार्डांशी बोलायचं, याची यादी ड्रायव्हरच्या आत असते, आणि नव्या आवृत्तीत त्या यादीतून आमच्या जुन्या कार्डाचा क्रमांक वगळला होता. भाषा येते, पण या माणसाशी बोलू नको असं दुभाष्याला सांगितलेलं.

हे आमच्याच बाबतीत झालं असं नाही. मे २०१९ मध्ये रेड हॅटची एंटरप्राइझ लिनक्स ८ ही आवृत्ती आली, तेव्हा जुन्या रेड कार्डांचे बरेच क्रमांक असे काढले गेले, आणि काय काय काढलं ते कंपनीनं जाहीरही केलं. त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. ज्या कार्डाची आपण चाचणी घेणार नाही, त्याची हमी पुढची दहा वर्षं कशी द्यायची? ते प्रामाणिकपणे म्हणतात, आम्ही जबाबदारी घेत नाही. तर दुसरीकडे एलरेपो नावाच्या प्रकल्पातले लोक त्याच क्रमांकांसह ड्रायव्हर पुन्हा बांधून फुकट देतात. एकानं नाव खोडलं, दुसऱ्यानं पुन्हा लिहिलं.

आपल्याकडे मतदानाच्या दिवशी हे दृश्य पाहिलं आहे. म्हातारी केंद्रावर आली आहे, बोट पुढे केलं आहे, सगळा गाव तिला ओळखतो, आणि टेबलावरचा माणूस म्हणतो, "आजी, यादीत नाव नाही." आजी आहे. यादीत नाही. माझं साठ वर्षांचं इतिहासाचं कथन तुमच्या लक्षात आलं असेल. आपण यादीपासून निघालो, दार वाजवण्यापर्यंत गेलो, प्रत्येकाच्या अंगावर ओळख आली, नसण्यालासुद्धा खूण मिळाली, आणि फिरून यादीपाशीच आलो. फरक एवढाच, की आयबीएमच्या काळात यादी यंत्राच्या मालकाच्या हातात होती. आज ती दूर कुठेतरी ठरते आणि आपल्याला तिचा पत्ता नसतो. पडदा मात्र आपल्याला सांगतो: डिस्क नाही. खरं वाक्य असं हवं होतं: कार्ड आहे, क्रमांक हा, आमच्या यादीतून आम्ही तो काढला आहे. पहिलं वाक्य वाचून माणूस भंगारवाल्याला फोन करतो. दुसरं वाचून दुभाषा शोधतो.

या गावाला ही चूक तरी नवी नाही. प्रवरेच्या काठचे गोटे आपले पूर्वज कित्येक पिढ्या तुडवत होते. १९५४ साली डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया इथे आले, त्याच नदीच्या वाळू-गोट्यांच्या थरांतून त्यांनी मध्य पुराश्मयुगातली दगडी हत्यारं ओळखली, आणि त्या हत्यारांच्या परंपरेला नेवाशाचंच नाव मिळालं. दगड तेच. नदी तीच. ओळखणारी नजर तेवढी नव्हती.

शेवट सांगतो. दुसऱ्या दिवशी त्या तंत्रज्ञालाच बोलावलं. ऑपरेटिंग सिस्टिमची जुनी आवृत्ती पेनड्राइव्हवरून नुसती चालवली, बसवली नाही. तिच्या यादीत आमचा क्रमांक होता. जुडी दिसली. फक्त वाचण्यापुरती उघडली, काहीही न लिहिता, आणि दोन बाहेरच्या डिस्कवर सगळं उतरवून घेतलं. पहिली फाइल लावली. एका बाईचा आवाज आला, ती आपल्या गावची विहीर कुठे होती ते सांगत होती. तो मुलगा, चोवीस-पंचवीसचा असेल, म्हणाला, "सर, मी हे पुसणार होतो." मग बराच वेळ कोणी बोललं नाही. आता तो कुठेही गेला तरी आधी कार्डाचा स्वतःचा पडदा वाचतो, क्रमांक लिहून घेतो, आणि नंतरच बोलतो.

पण सगळं मिळालं असं म्हणणार नाही. कोणत्या फाइलीत कोणाचा आवाज, गाव कोणतं, याची सूची त्या लहान डिस्कवर होती. ती गेली, कायमची. दिवा लावून, सगळे उपाय करून पाहिलं. तिच्या बाबतीत नाही म्हणायचा अधिकार आम्ही कमावला आहे. त्यामुळे आवाज आहेत, पण नावं नाहीत. यंत्राच्या भाषेत सांगायचं तर, सापडले आहेत, ओळखू येत नाहीत. आणि याचा ड्रायव्हर कुठल्याही संकेतस्थळावर मिळणार नाही. तो या सभागृहात आहे. तुमच्यापैकी ज्यांची गावं नाथसागरात गेली, ज्यांनी आपल्या आजीचा, मामाचा, चुलत्याचा आवाज ऐकलेला आहे, त्यांनी एकदा येऊन ऐकावं. कार्यवाहांशी बोललो आहे, दर रविवारी सकाळी इथेच ऐकवायची सोय होईल. ही माणसं जातील तशी नावं लावणारी नजर कमी होत जाईल, आणि मग आवाज असूनही कोणाचाच नसेल. घाई करा, एवढंच सांगतो.